नॅनीच्या कामात पुढे जायचे कसे, आणि त्यासाठी सोबतिणींचा गट का हवा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक नॅनी गेली आठ वर्षे मुले सांभाळत आहे आणि सध्याचे तिचे तिसरे घर आहे. कामाबद्दल कोणाची तक्रार नाही, मुलांशी तिचे चांगले जमते. मात्र या कामात बढती नाही, वरची जागा नाही, आणि पहिल्या वर्षी जे करत होतो तेच आजही करतो आहोत, असे तिला वाटू लागले आहे. या व्यवसायात प्रगती म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला जाणून घ्यायचे आहे. परिसरातल्या इतर नॅनींच्या गटात जाण्याने काही साधते का, की नुसता वेळ जातो आणि पालकांच्या मनात शंका निर्माण होते, असेही तिने विचारले आहे. मी अनेक वर्षे हे काम केले असून आता नव्याने या कामात येणाऱ्यांना शिकवते. हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत, म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देते.

आपल्या कामाची मूळ अडचण ही की ते एकटीचे काम आहे. रुग्णालयात नवख्या परिचारिकेच्या शेजारी ज्येष्ठ परिचारिका उभी असते, शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षक एकमेकांशी वर्गातल्या मुलांविषयी बोलतात. नॅनी मात्र सकाळी पालक कामावर गेले की दिवसभर मुलासोबत एकटी असते. पालकांना संध्याकाळी न्हाऊन, जेवून शांत झालेले मूल दिसते. दुपारी तासभर चाललेला आकांत तुम्ही कोणत्या युक्तीने आवरलात, हे त्यांना दिसत नाही. त्यामुळे चांगल्या कामाला शाबासकी मिळत नाही आणि चुकत असेल तर ते दाखवून देणारेही कोणी नसते. तुम्हाला साचल्यासारखे वाटते त्याचे कारण तुमच्या क्षमतेत नसून कामाच्या या रचनेत आहे.

केवळ वर्षे वाढली म्हणजे ज्ञान वाढले असे होत नाही, याचे एक गंभीर उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. विसाव्या शतकात कित्येक वर्षे अनेक देशांत तान्ह्या बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला दिला जात होता आणि मुलांवर जीव लावणाऱ्या, हाताला सराव असलेल्या असंख्य स्त्रिया तो सल्ला मनापासून पाळत होत्या. १९९०च्या दशकात बाळाला उताणेच निजवावे यासाठी ठिकठिकाणी मोहिमा झाल्या, आणि त्यानंतर त्यांतल्या अनेक देशांत झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटले. एका घरात बसून हे कोणाला कळले नसते. हजारो घरांची माहिती एकत्र आली तेव्हा ते कळले. अनुभवाने हाताला सफाई येते, पण चुकीची सवयही अनुभवानेच पक्की होते. म्हणून बाहेरचे ज्ञान ठरावीक काळाने घरात येत राहिले पाहिजे, आणि ते आणण्याची जबाबदारी नॅनीने स्वतःची मानली पाहिजे.

याची सुरुवात प्रथमोपचारापासून करावी. प्रमाणपत्राची मुदत साधारण दोन ते तीन वर्षांची असते, पण हाताचा सराव त्याच्या कितीतरी आधी, काही महिन्यांतच उतरू लागतो. एक वर्षाखालील बाळाच्या घशात काही अडकले तर काय करायचे, हे बहुतेक नॅनींना तोंडपाठ असते. बाळ जोरात खोकत असेल किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्यायचे. आवाज फुटेनासा झाला, श्वास घेता येईनासा झाला, तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यायचे, डोके छातीपेक्षा खाली ठेवायचे, हनुवटीला आधार द्यायचा आणि खांद्यांच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने ५ ठाम थापा द्यायच्या. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ दाब द्यायचे आणि हेच आलटून पालटून सुरू ठेवत मदत बोलवायची. या वयात पोट दाबायचे नाही, आणि वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर तोंडात बोट फिरवायचे नाही. आता हे वाचून झाल्यावर एखादी बाहुली घ्या आणि प्रत्यक्ष करून पाहा. तिला पालथे करताना मान कोणत्या हाताने धरायची याचा बहुतेकींचा गोंधळ होतो, आणि तो गोंधळ दूर करण्यासाठीच सराव असतो. दर तीन महिन्यांनी दोघी-तिघींनी एकत्र येऊन, एकीने पाहायचे आणि दुसरीने करायचे, असा अर्ध्या तासाचा सराव ठेवला तर त्याचा उपयोग महागड्या अभ्यासक्रमाइतकाच होतो. मात्र मूळ प्रशिक्षण अधिकृत प्रशिक्षकाकडूनच घेतलेले असावे.

त्यापुढचा टप्पा निवडीचा आहे. आठ वर्षे झालेल्या नॅनीने दिसेल तो अभ्यासक्रम करून प्रमाणपत्रांचा गठ्ठा जमवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला कोणत्या वयाच्या मुलांत मनापासून रस वाटतो ते ओळखा आणि त्यात खोल उतरा. कोणाला नवजात बाळांचे काम जमते. त्यात मुदतीपूर्वी जन्मलेली बाळे, जुळी, रात्रीची देखभाल आणि स्तनपान करणाऱ्या आईला साथ देणे अशी ज्ञानाची मोठी शाखा आहे. कोणी एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या हट्टात, बोलण्याच्या पहिल्या प्रयत्नांत रमते. कोणी स्वमग्न किंवा उशिरा बोलू लागलेल्या मुलांसोबत धीराने काम करू शकते आणि वाचा-उपचार तज्ज्ञाने सांगितलेले खेळ घरी रोज करून घेते. अशा मुलांच्या पालकांना या कौशल्याची किती निकड असते, हे तुम्ही पाहिलेच असेल. एकदा दिशा ठरली की वाचन, प्रशिक्षण, पुढच्या घराची निवड आणि पगाराची बोलणी या सगळ्यांना एक धागा मिळतो.

घरातल्या घरात वाढण्याचे सर्वांत मोठे साधन मात्र वही आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मी पालकांसाठीच्या नोंदीविषयी बोलत नाही. किती वाजता दूध, किती वाजता झोप, ही नोंद बहुतेक जणी ठेवतातच. मी नॅनीच्या स्वतःच्या निरीक्षणाविषयी बोलते आहे. दोन वर्षांचे मूल इतर मुलांना चावते आहे, असे समजा. “आज पुन्हा चावला” या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असे लिहा: “सकाळी अकराच्या सुमारास, खेळाच्या जागी, दुसऱ्या मुलाने हातातली गाडी ओढल्यावर दंडाला चावला. रात्री झोप मोडली होती. चावण्याआधी दोनदा ‘माझी’ म्हणाला, पण मी दुसऱ्या बाजूला होते. उचलून बाजूला नेल्यावर लगेच शांत झाला.” अशा आठ-दहा नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते: अपुरी झोप, वस्तू हिसकावली जाणे आणि शब्द अपुरे पडणे. मग उपायही सापडतो. अशा दिवशी गर्दीच्या जागी जायचे नाही, मुलाच्या हाताच्या अंतरावर राहायचे, आणि “नको, माझी आहे” हे वाक्य खेळताना शिकवायचे. पालकांशी बोलतानाही या नोंदींमुळे तक्रारीचा सूर जातो आणि जाणकार व्यक्तीचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचते. वहीत मुलाचे नाव लिहू नका, आणि घर सोडताना तिच्यात ओळख पटेल असे काही राहिले नाही याची खात्री करा.

याच नोंदी हाती घेऊन वर्षातून एकदा पालकांसोबत बसायला हवे. त्यासाठी कामाचा करार लेखी असणे आवश्यक आहे: कामाचे तास, जादा वेळेचा मोबदला, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, आणि मुलाच्या कामापलीकडची घरकामे त्यात येतात की नाही. बहुतेक कुरबुरी या शेवटच्या मुद्द्यावरच सुरू होतात. पुढच्या करारात प्रशिक्षणासाठी वर्षाला दोन-तीन भरपगारी दिवस आणि अभ्यासक्रमाच्या शुल्काचा काही भाग मागून पाहा. पालक नाही म्हणतील या भीतीने पुष्कळ जणी हे विचारतच नाहीत, आणि विचारल्यावर मिळालेला होकार मी अनेकदा पाहिला आहे, कारण शेवटी त्याचा लाभ त्यांच्याच मुलाला होणार असतो.

आता गटाविषयी. मुले सांभाळण्याचे काम हा शिकण्याचा आणि एकत्रितपणे जोपासण्याचा व्यवसाय आहे, ही कल्पना जुनी आहे. एमिली वॉर्ड यांनी १८९२ मध्ये लंडनमध्ये नॉरलँड संस्था सुरू केली तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या विचारांचा आधार घेऊन नॅनींना रीतसर प्रशिक्षण देण्यास सुरुवात झाली. ती संस्था आज बाथ येथे महाविद्यालय म्हणून चालते. अमेरिकेत १९८५ मध्ये इंटरनॅशनल नॅनी असोसिएशन स्थापन झाली. अशा संस्थांमुळे आचारसंहिता, परीक्षा आणि परिषदा आल्या, आणि ‘चांगली नॅनी’ कोणाला म्हणायचे हे केवळ एखाद्या कुटुंबाच्या मतावर अवलंबून राहिले नाही.

पण माझ्या दृष्टीने त्याहून बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तिथे २००० साली ‘डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड’ ही संघटना उभी राहिली. कॅरिबियन, लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतून आलेल्या नॅनी व इतर घरकामगार स्त्रिया तिच्यात होत्या. कार्यकर्त्या बागांमध्ये आणि खेळाच्या मैदानांवर जात, तिथे मुलांना घेऊन आलेल्या नॅनींशी बोलत आणि त्यांना आपल्याशी जोडून घेत. कित्येक वर्षांच्या या चिकाटीनंतर २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात जादा वेळेचा मोबदला, आठवड्यातून एक दिवस विश्रांती आणि एक वर्ष काम केल्यानंतर वर्षाला तीन दिवसांची भरपगारी रजा या गोष्टी आल्या. पुढच्याच वर्षी, १६ जून २०११ रोजी, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. तो ५ सप्टेंबर २०१३ पासून अमलात आला आणि आठवड्यात सलग किमान २४ तास विश्रांती मिळावी, असे तो सांगतो. याच संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगात सुमारे ७ कोटी ५६ लाख घरकामगार आहेत आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया आहेत. तुमच्या देशाने हा करार मान्य केला आहे की नाही आणि तिथला कायदा काय देतो, हे गटातल्या एकीने नीट माहीत करून घेतले तर ते सर्वांच्या कामी येते.

इतक्या मोठ्या चळवळीत उतरण्याची गरज प्रत्येकीला नसते. तुमच्यासाठी मी पाच ते आठ जणींचा लहान गट सुचवीन. महिन्यातून एकदा, दीड तास, मुले सोबत नसताना भेटायचे. मुलांना खेळायला सोडून बाकावर बसून मारलेल्या गप्पा म्हणजे गटाची बैठक नव्हे; तिथे लक्ष मुलांवरच असले पाहिजे. बैठकीत एकीने एक प्रसंग मांडायचा, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, आणि सल्ला शेवटच्या वीस मिनिटांत द्यायचा. हा क्रम मी आग्रहाने पाळते, कारण आपल्याला सल्ला देण्याची घाई असते आणि त्या घाईत मूल काय सांगत होते हेच राहून जाते. वर सांगितलेला चावण्याचा प्रसंग अशा बैठकीत मांडला, की कोणीतरी हमखास विचारते, “चावण्याआधीचा अर्धा तास सांगाल का?” आणि सांगता सांगता मांडणारीलाच उत्तर दिसू लागते. घरात तिला हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, आणि गटाचे खरे मोल इथेच आहे.

गटाचे नियम पहिल्याच दिवशी लिहून काढावेत आणि त्यांत गोपनीयतेचा नियम सर्वांत वर असावा. मुलाचे नाव, घराचा पत्ता, छायाचित्र, पालकांचा व्यवसाय, त्यांच्यातले वाद, यांतले काहीही गटात किंवा मोबाइलवरच्या गटसंदेशांत येऊ नये. पालकांच्या मनात शंका येते ती याच कारणाने, आणि त्यांची ती शंका रास्त आहे. आपण ज्या घरात वावरतो ते दुसऱ्याचे खासगी आयुष्य असते आणि त्याची चर्चा करणारी नॅनी कितीही कुशल असली तरी मी तिची शिफारस करणार नाही. या नियमाला अपवाद एकच. मुलाला मारहाण होत आहे, त्याचे लैंगिक शोषण होत आहे किंवा त्याची घोर हेळसांड होत आहे अशी शंका आली, तर ती गोष्ट गटाच्या चर्चेत न ठेवता कायद्याने नेमलेल्या बालसंरक्षण यंत्रणेकडे न्यावी लागते. ती कुठे आणि कशी कळवायची, हे गटातल्या प्रत्येकीला आधीपासून माहीत असावे.

पगाराविषयी मात्र गुप्तता पाळू नये. स्वतःचा पगार ही तुमची माहिती आहे, कुटुंबाचे गुपित नाही. परिसरात एका मुलासाठी, दोन मुलांसाठी, रात्रीच्या कामासाठी काय दर चालतो हे ठाऊक नसलेली नॅनी बोलणीला बसते तेव्हा तिची बाजू आधीच पडलेली असते. नव्याने आलेल्या, परक्या भाषेच्या प्रदेशात काम करणाऱ्या स्त्रियांचे यात सर्वाधिक नुकसान होते, आणि अनुभवी नॅनींनी त्यांना ही माहिती देणे मी कर्तव्य मानते.

आणखी एका गोष्टीसाठी गट लागतो, आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. मूल मोठे होते, कुटुंब दुसरीकडे जाते, काम संपते. मूल आणि सांभाळणारी व्यक्ती यांच्यातल्या बंधाचा सिद्धान्त मांडणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांचाही सांभाळ लहानपणी नॅनीनेच केला होता. त्यांची लाडकी दाई ते चार वर्षांचे होत आले असताना घर सोडून गेली, आणि तिचे जाणे आई गमावण्याइतके दुःखद होते, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणून निरोप घेणे हेही आपल्या कामातले कौशल्य आहे. मुलाला काही दिवस आधी, त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे, न सांगता नाहीसे होऊ नये, नवी नॅनी येणार असेल तर काही दिवस दोघींनी सोबत काम करावे, आणि शक्य असल्यास नंतर भेटीची किंवा फोनवर बोलण्याची एक ठरलेली वेळ ठेवावी. नॅनीलाही दुःख होते, आणि ते पालकांसमोर मोकळे करता येत नाही, कारण त्यांना अपराधी वाटते. ते समजणाऱ्या सोबतिणी असल्या तर पुढच्या घरातल्या मुलाला जीव लावणे तिला पुन्हा जमते. जवळच्या माणसांचे असे बळ न मिळाल्याने मन आखडते घेऊन काम करू लागलेल्या चांगल्या नॅनी मी पाहिल्या आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

परिसरातल्या इतर कामांबद्दल थोडक्यात सांगते. वाचनालयातल्या गोष्टींच्या तासाला मुलांना नेत असाल तर कधी स्वतः गोष्ट सांगायला उभ्या राहा. नवमातांच्या मेळाव्यात बाळाला आंघोळ कशी घालायची ते दाखवा. खेळाच्या जागेतली तुटलेली घसरगुंडी संबंधितांच्या नजरेस आणून द्या. एवढ्याने तुमची ओळख एका कुटुंबापलीकडे पसरते. फुकट कामाचा भार मात्र डोक्यावर घेऊ नका, कारण सेवाभावाच्या नावाखाली बालसंगोपन करणाऱ्यांकडून बिनपगारी काम करून घेण्याची सवय समाजाला फार सहज लागते.

आठ वर्षांनंतर तुम्ही एका नवख्या नॅनीला हाताशी धरावे, असेही मी सुचवीन. शिकवताना आपण जे सहज करतो ते शब्दांत मांडावे लागते आणि तेव्हाच त्यातले काय कारणाने करतो व काय केवळ सवयीने, हे कळते. यातून पुढे प्रशिक्षक होणे, नवजात बाळांची तज्ज्ञ म्हणून काम करणे किंवा पाळणाघर चालवणे हे मार्ग खुले होतात. पण घरात राहून, मुलांसोबत हेच काम आणखी वीस वर्षे उत्तम रीतीने करणे हीसुद्धा पूर्ण प्रगती आहे, आणि त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही.

राहिला प्रश्न पालकांना सांगावे की नाही याचा. अवश्य सांगावे, आणि गटात जायला लागण्यापूर्वी सांगावे. “महिन्यातून एकदा आम्ही काही नॅनी सुट्टीच्या दिवशी भेटतो, मुलांच्या वागण्याबद्दल आणि प्रथमोपचाराबद्दल शिकतो, कोणत्याही घराचे किंवा मुलाचे नाव तिथे घेतले जात नाही,” इतके पुरेसे आहे. गटाचे लेखी नियम त्यांना वाचायला द्या. पहिल्या दोन-तीन बैठकांनंतर तिथे शिकलेली एखादी गोष्ट घरी वापरा आणि ती कुठून आली तेही सांगा. तरीही कोणी तुम्हाला इतर नॅनींशी बोलण्यालाच मनाई करत असेल, तर कामाच्या बाकीच्या अटीही पुन्हा एकदा बारकाईने वाचा आणि पुढचे घर शोधायला लागा.